डावी बाजू कोरी

प्रज्ञा,

तू दिलेला शेवटचा कागद मी उघडला नव्हता. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल. काल तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुझ्या लेकीने, सुजाताने, माइक माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "शैलामावशी, आईबद्दल दोन शब्द बोला." मी माइक धरून नुसती उभी राहिले. पांढऱ्या कपड्यांतली तुझी सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांना वाटलं, मला रडू आवरत नाही. रडू येतच नव्हतं. डोक्यात हे एकच वाक्य होतं आणि ते माइकवर बोलण्यासारखं नव्हतं. शेवटी तुझ्या भावाने माइक हातातून काढून घेतला आणि मला खुर्चीवर बसवलं.

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला तू माझ्या टेबलावर घडी घातलेला कागद ठेवलास आणि काही न बोलता निघून गेलीस. शुक्रवारी सकाळी साडेनऊला सुजाताचा फोन आला. बावन्न वर्षांची बाई, बीपी नाही, शुगर नाही, चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढून वर मलाच हसणारी. स्वयंपाक करता करता खाली बसलीस म्हणे, आणि उठलीच नाहीस. मला अजून खरं वाटत नाही. ऑफिसात शिरले की आधी तुझ्या खुर्चीवर कापडी पिशवी आहे का ते बघते. रविवारी करावे गावात मासळी घ्यायला गेले, तर आपल्या नेहमीच्या कोळणीने विचारलं, "तुज्या मैतरनीचं येगलं बांदू ना गो बाय?" मी "बांधा" म्हटलं. दोन पुड्या घेऊन घरी आले आणि तुझी पुडी फ्रीजमध्ये ठेवून दिली.

आपलं काम लोकांना समजावून सांगणं मला कधी जमलं नाही, तुला जमायचं. सीवूड्सला माझ्या सोसायटीतल्या बायकांना तू एकदा सांगितलं होतंस, "संसद दर वर्षी सरकारला सांगते, ह्या कामाला एवढे, त्या कामाला तेवढे, त्याच्यापुढं जायचं नाही. वर्ष संपलं की आम्ही जाऊन बघतो. जास्त खर्च केले तर का केले, कमी केले तर का केले." शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही सरकारच्या सासूबाईच की!" त्यावर तू म्हणालीस, "सासू परवडली बाई. ती उत्तर लेखी मागत नाही."

लेखी उत्तराची आपली ती रीत, अर्ध्या समासाचा मेमो. कागद उभा दुमडायचा, उजव्या अर्ध्या भागात आपला आक्षेप लिहायचा आणि डावी बाजू कोरी सोडायची. ती बाजू समोरच्याची. त्याला जे म्हणायचं ते त्याने तिथे लिहावं, मग आपण खाली शेरा मारायचा. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी एकदा सगळं पान भरून आक्षेप लिहिला होता. तू माझ्याहून चार महिन्यांनी सीनियर. कागद परत केलास आणि म्हणालीस, "तू बोल, पण समोरच्याला बोलायला जागा ठेव ना बाई." तेव्हा मला तुझा रागच आला होता.

पुढे आपण एकमेकींनाच असे मेमो द्यायला लागलो. "सोमवारी सुरमई कबूल करून प्रत्यक्षात बोंबील पुरवण्यात आले. कारण कळवावे," असा तुझा मेमो. मी डावीकडे लिहायचे, "निधीअभावी." की खाली तुझा हिरव्या शाईतला शेरा, "उत्तर समाधानकारक नाही." बावीस वर्षांत तुला माझं एकही उत्तर समाधानकारक वाटलं नाही. तुझा डबा ज्वारीच्या चार भाकरींचा, त्यातल्या दोन माझ्या. माझा डबा भात आणि कालवणाचा, त्यातलं निम्मं तुझं. तुझ्या ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि माझ्या माशातले काटे तू शेवटपर्यंत बोटांनी चाचपडत काढत राहिलीस.

भांडायचो तरी किती! एकदा एका खात्याने पूरग्रस्तांना मदत देताना ठरवून दिलेल्या रकमेपेक्षा थोडा जास्त खर्च केला होता. मी म्हटलं, जाऊ दे ना, चांगल्या कामालाच गेले. तू ऐकेनास. "चांगल्या कामालाबी विचारूनच खर्च करायचा. आज चांगलं काय ते साहेब ठरवतोय, उद्या वाईटालाबी तोच चांगलं म्हणल." मला तुझा हेका वाटला होता. पण तुला त्याहून जास्त चीड यायची ती न खर्चलेल्या पैशांची. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खाती उरलेले पैसे परत करतात, आणि आपल्या ऑफिसातल्या लोकांनाही त्यात वावगं वाटत नाही. जास्त खर्च दिसला की सगळे कान टवकारतात, कमी खर्च दिसला की पुढचं पान. तू मात्र तिथेच थांबायचीस. "हे कुणाला तरी द्यायला दिले होते. त्याला मिळाले नाहीत. तो कोण, ते बघायचं."

त्याचं मूळ मला एकदाच कळलं. उरणचं काम संपवून आपण मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत होतो. ओहोटी होती, लाँच धक्क्याला लागेना. तास-दीड तास बसून होतो. तू शेंगदाणे खात खात सांगितलंस, की परभणीला होस्टेलला असताना तुझी शिष्यवृत्ती वर्षभर आलीच नाही. मेसचं बिल थकलं म्हणून दोन महिने एकाच वेळचं जेवलीस. "पैसे आले ना, पण परीक्षा झाल्यावर. तोवर मेस बंद झाली होती." एवढं बोलून पुडीचा कागद माझ्यापुढे धरलास आणि म्हणालीस, "घे, खारे आहेत." मी शेंगदाणे घेतले. आमच्या घरी फी भरायच्या दिवशी वडील पाकीट काढून ठेवायचे.

आता बेलापूरच्या त्या ऑफिसचं लिहायला हवं. तेच लिहायचं टाळत मी इतका वेळ इकडचं तिकडचं सांगतेय, हे तू केव्हाच ओळखलं असशील.

मागासवर्गीय मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी आलेल्या पैशांतला मोठा भाग त्यांनी मार्चअखेर परत केला होता. कारण दिलं होतं, पात्र अर्ज पुरेसे आले नाहीत. तुला जिन्याखालच्या स्टोअररूममध्ये एक लोखंडी कपाट सापडलं. आत अर्जांचे गठ्ठे, आवक शिक्का मारलेले, पण रजिस्टरला नोंद नसलेले. मोजायला वेळ नव्हता, कारण दुसऱ्या दिवशी तू रजेवर जाणार होतीस, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मग तुझी ती नेहमीची सवय. कपाट बंद केलंस, दोन्ही दारांवर मिळून कागदाची पट्टी चिकटवलीस, त्यावर हिरव्या शाईने सही केलीस आणि त्यांच्या स्टोअरकीपरचीही घेतलीस. अर्ध्या समासाचा मेमो दिलास आणि मला म्हणालीस, "उत्तर आलं की तू कपाट उघडून बघ. मग काय लिहायचं ते लिही."

उत्तर आलं. त्यांचे हिशेब बघणारे राणे स्वतः घेऊन आले. छान टाइप केलेलं, मागे जोडपत्रं लावलेली. गठ्ठे मागच्या वर्षांचे आहेत, ते अर्ज केव्हाच निकाली निघालेत, असं लिहिलं होतं. राणे म्हणाले, "मॅडम, बघायचं असेल तर बघा, पण खाली लाइट गेलेत आणि चावीवाला आज सुट्टीवर आहे. उगाच टेन्शन नका घेऊ." त्याच दिवशी अहवालाचा मसुदा साहेबांकडे जायचा होता. माझा गुडघा दुखत होता. मी तुझ्या मेमोखाली लिहिलं, "उत्तर मान्य. पडताळणी केली." प्रज्ञा, मी खाली उतरलेच नव्हते. एक जिना उतरायचा होता फक्त.

तू रजेवरून आलीस, तडक तिकडे गेलीस आणि दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिलीस. आवाज चढवला नाहीस. "शैले, पट्टी तशीच हाय की गं कपाटावर. तू बघितलंस ते कुठून?"

तेव्हाच कबूल केलं असतं तर चार शिव्या खाऊन डबा उघडला असता. पण मी पकडली गेले होते आणि मला ते सहन झालं नाही. मी उलट तुझ्यावरच ओरडले. त्या ओरडण्यात म्हणाले, "तू हे ऑडिट म्हणून करतच नाहीयेस. तुमच्या लोकांचं आहे म्हणून करतेयस."

तुमच्या लोकांचं. बावीस वर्षं तुझी भाकरी खाल्ल्यावर माझ्या तोंडून हे निघालं. ते आत कुठे होतं, मला खरंच माहीत नव्हतं. तुला माहीत होतं का? कारण तुझ्या चेहऱ्यावर राग दिसला नाही. तू फक्त इतकंच म्हणालीस, "अर्जावर सही पोराची असते शैला, लोकांची नसते." आणि जाऊन आपल्या खुर्चीवर बसलीस.

मग अकरा दिवस आपण बोललो नाही. तू तुझ्या टेबलावर जेवायचीस, मी कॅन्टीनच्या कोपऱ्यात. रोज ठरवायचे, आज जाऊन माफी मागते. रोज काहीतरी निघायचं. खरं सांगू, मला वाटायचं तू साहेबांकडे जाशील. तू गेली नाहीस. त्याचा मला सुटल्यासारखा आनंद व्हायचा आणि त्या आनंदाची लाज वाटायची.

म्हणून गुरुवारी तू कागद ठेवलास तेव्हा मी आधी त्याची घडी बघितली. उभा दुमडलेला म्हणजे मेमो. मी पक्कं धरलं, की आत लिहिलंय, "पडताळणी केली हे विधान कशाच्या आधारे केले? कारण कळवावे." मी तो उघडला नाही. ड्रॉवरमध्ये टाकला, वर पंचिंग मशीन ठेवलं आणि घरी गेले. ज्या गोष्टीवरून आपण आयुष्यभर खात्यांना झोडपलं, मेमो मिळाला, उत्तर नाही, तो बेशरमपणा मी केला.

शुक्रवारी वाशीच्या हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. सुजाता कॉरिडॉरमध्ये बाकावर बसली होती. मनगटापर्यंत पीठ लागलेलं, वाळून पांढरं झालेलं. तुला उठवताना परात तिच्या हाताखाली आली असणार. मला बघून रडली नाही. म्हणाली, "मावशी, आईने आज चारचं पीठ घेतलं होतं. इतके दिवस दोनच करत होती. मी विचारलं तर म्हणाली, शैला आज जेवणार हाय. तुमचं भांडण मिटलं ना?"

मी म्हटलं, "हो. मिटलं."

न बघता केलेली ही माझी दुसरी पडताळणी. पोरीला ते ऐकून बरं वाटलं, एवढीच त्यातली चांगली गोष्ट.

सोमवारी ऑफिसात गेले, पंचिंग मशीन बाजूला केलं आणि कागद उघडला. उजव्या बाजूला तुझं ते टपोरं, उजवीकडे झुकलेलं अक्षर.

"प्रति, शैला. एक: गेले अकरा दिवस भाकरी एकटीला खावी लागते. ठेचा उतरत नाही. कारण कळवावे. दोन: कपाट अजून बंद आहे. कधी येतेस? दोघी मिळून उघडू. मुदत: उद्याचा डबा."

डावी बाजू कोरी.

मी ते किती वेळा वाचलं ठाऊक नाही. चूक माझी, शब्द माझा, आणि हात पुढे तू केलास. साहेबांकडे जाऊन मला उघडं पाडायच्या ऐवजी माझी सही मी स्वतः दुरुस्त करावी म्हणून वाट काढून ठेवलीस. आणि मी त्यावर पंचिंग मशीन ठेवलं. तो कागद मी गुरुवारी उघडला असता तर निदान फोन केला असता. रात्री तू माझ्याशी बोलून झोपली असतीस. याने तुझं हृदय थांबायचं थांबलं नसतं, एवढं मला कळतं. पण मला ते कळून काय उपयोग?

त्या दिवशी मी ओरडले, रडले, काय केलं आठवत नाही. सगळं ऑफिस जमा झालं होतं म्हणे.

मंगळवारी बेलापूरला गेले. राणे म्हणाले, "मॅडम, तो आक्षेपाचा पॅरा तर अहवालातून ड्रॉप झालाय ना?" मी म्हटलं, "चावी आणा." जिना उतरले. मुद्दाम मोजल्या, सोळा पायऱ्या आहेत. लाइट चालू होते. तुझी पट्टी तशीच, त्यावर तुझी हिरवी सही, एका दारावर "प्र" आणि दुसऱ्या दारावर "ज्ञा". ती फाडायला माझा हात उठेना. स्टोअरकीपर म्हणाले, "मॅडम, दार ओढलं की आपोआप फाटेल ती." मी त्यांच्याकडून ब्लेड मागून घेतलं आणि पट्टी कडेने सोडवली. एक कोपरा फाटला. बाकी अख्खी निघाली, माझ्या पर्समध्ये आहे.

गठ्ठे ह्याच वर्षीचे होते. प्रत्येक अर्जावर फोटो, बारकी बारकी पोरं, कुणी कॉलर नीट करून बसलेलं, कुणाची वेणी पुढे घेतलेली. खाली सही. तू म्हणाली होतीस तसंच, प्रत्येकाची स्वतःची. एका मुलीने तर दोनदा सही केलेली, पहिली नीट आली नाही म्हणून असेल. मी जमिनीवर बसून वाचत राहिले. राणे दारात उभे होते. मग तेही आत आले आणि हळूच म्हणाले, "नोंद करायचं राहून गेलं मॅडम. मग मार्च आला." त्यांचं नोंद करायचं राहिलं, माझं बघायचं राहिलं.

साहेबांपुढे मी लेखी दिलं, की पडताळणी न करता केली असं नमूद केलं, ती नोंद रद्द करावी आणि पॅरा पुन्हा घ्यावा. अहवाल दिल्लीला जायला दोन दिवस होते. साहेबांनी दोनदा वाचलं. "शैला मॅडम, हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहून देताय. चौकशी लागेल. बढती तोंडावर आलीय तुमची. प्रज्ञा वाघमारे मॅडम तर आता नाहीत, कोण विचारणार आहे?"

ते चांगले गृहस्थ आहेत, माझ्या भल्याचंच बोलत होते. मी म्हटलं, "सर, त्यांनीच विचारलंय. लेखी."

पॅरा आत गेला. तुझ्याच शब्दांत, एक स्वल्पविरामही बदलला नाही. मला कारणे दाखवा नोटीस येईल, तिचं उत्तर मी मुदतीत देईन. त्या पोरांना पैसे मिळतील का, कधी मिळतील, मला माहीत नाही. मेस बंद व्हायच्या आत मिळावेत, एवढंच वाटतं.

आणि तुझे आभार मानायचे राहिले. समोरच्याला जागा ठेवायला तू मला शिकवलंस, आणि मी तुझ्याशी सर्वांत वाईट वागले तेव्हाही माझी जागा तू सोडून ठेवलीस. तुझ्याशिवाय आता कुणाशी भांडू, हे मला अजून सुचत नाही. दुपारी एक वाजला की हात आपोआप दुसरी ताटली काढतो.

तुझा कागद समोर आहे. डावी बाजू आज भरली. लिहिलंय ते असं.

"एक: मी न बघता बघितलं असं लिहिलं, पकडली गेले आणि तो राग तुझ्यावर काढला. तुझ्या जिव्हारी लागेल असं बोलले. त्याला कारण नाही. माफी मागते. दोन: मंगळवारी कपाट उघडलं, एकटीने. तुझं बरोबर होतं. मुदतीत उत्तर दिलं नाही, हे मान्य आहे."

खाली तुझ्या शेऱ्यासाठी दोन बोटं जागा सोडली आहे.